कागदाला फळ आले ते वर्ष

आमच्या सासरी सुनेला झाड देण्याची रीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मामंजी, म्हणजे माझे सासरे, नव्या सुनेला शेतावर घेऊन जात. आंब्याचे एक झाड तिच्यासाठी ठरवलेले असे. सून झाडाला हळदकुंकू लावी, मामंजी बुंध्याशी नारळ फोडीत आणि म्हणत, "आजपासून ह्याची सावली सगळ्यांची, फळ हिचं." एवढे बोलले की झाले. त्या झाडाचे आंबे विकून जे येईल ते सुनेचे. त्यात नवऱ्याने हात घालायचा नाही, सासूने विचारायचे नाही. सासूबाईंना असे झाड मिळाले होते, त्यांच्या सासूलाही मिळाले होते.

थोरल्या जाऊबाईंना विहिरीजवळचे पायरी आंब्याचे झाड मिळाले. मला कागद मिळाला.

माझ्यासाठी ठरवलेले झाड कर्जतला होते. आमचे गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर, पण मामंजींचा जमिनीचा एक तुकडा कर्जतच्या स्टेशनाजवळ होता. माझ्या लग्नाच्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तिथे भात सडायची गिरणी काढली. गिरणी एकट्याची नव्हती, लिमिटेड कंपनीची होती. पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे घालून शेअर घ्यायचे आणि नफा झाला की तो वाटून घ्यायचा, अशी ती व्यवस्था. मामंजींनी जागा दिली आणि पैशांच्या ऐवजी शेअर घेतले. माझे झाड तोडले गेले, त्या जागी इंजिनाची खोली उभी राहिली आणि माझ्या यजमानांना गिरणीच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली.

पाडव्याच्या दिवशी मामंजींनी देवापुढे पाट मांडला आणि त्यावर एक जाड, नक्षीचा कागद ठेवला. काही शेअर त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवले होते, काही माझ्या नावावर केले होते. मी कागदाला हळदकुंकू लावले. बोट ओले होते, कोपऱ्यावर पिवळा डाग पडला. मामंजींनी नारळ फोडला आणि सवयीने म्हणाले, "ह्याची सावली सगळ्यांची, फळ हिचं."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की मामंजींनाही हसू आले.

"मामंजी, कागदाला सावली कुठली? ऊन लागलं तर डोक्यावर धरायचा का धाकटीनं?"

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणे दिसले असते. त्या दिवशी मला जाऊबाईंचा पहिल्यांदा राग आला असे लिहिले तर ते बरोबर होणार नाही. राग येऊन जातो. हे जे आले ते राहायला आले.

जाऊबाई घाटावरच्या, मावळातल्या. रंगाने सावळ्या, हाडापेराने मोठ्या, लिहिणेवाचणे मुळीच नाही. माझ्या चार यत्ता झालेल्या. मी माहेरी शाळेत पहिल्या नंबरात असे, पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे, आजही निघत नाही. जाऊबाईंचे उलट. त्या पाणवठ्यावर गेल्या की पाणवठा बोलू लागे. त्यांना मूल नव्हते आणि त्याबद्दल कोणी हळहळले तर त्याच म्हणत, "असू दे गं, धाकटीची हाय ना. दोघींना पुरते ती." माझी मुलगी चालायला लागली ती त्यांच्याकडेच चालत गेली. मी हात पुढे केला होता, तरी.

वैशाखात त्यांची पायरी लगडे. चौक गावाहून बागवान चाचा येत. त्यांचा फळांचा धंदा बापापासूनचा, बोलणे गोड आणि डोळा पक्का. ठाकरवाडीवरचा एक गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या बांबूने, आंबे उतरवी आणि जाऊबाई खाली पदर खोचून उभ्या राहत.

"चाचा, ह्यो आंबा बघा. तुमच्या चौकात असला मिळंल का?"

"भाभी, आंबा बघू का तुमची जीभ बघू? दोन्हीला भाव सारखाच हाय."

"मग दोन्हीचे द्या की!"

विहिरीवर आलेल्या बायका तिथेच थांबत. मी ओट्यावरून बघत असे. आंबे उतरले की जाऊबाई पहिली पाटी वाटून टाकीत. ठाकरवाडीला, शेजारी, देवळात, माझ्या मुलीला सगळ्यांत मोठा. मुलगी रस हातभर माखून माझ्याकडे येई आणि म्हणे, "काकूच्या झाडाचा." मी तिचे हात धूत असे. जरा जोरानेच चोळत असे.

मला वर्षातून एकदा पोस्टाने जाड पाकीट येई. वर माझे नाव, सौभाग्यवतीसकट, छापल्यासारख्या अक्षरात. अक्षर यजमानांचेच असे, तरी पाकीट पोस्टातून आलेले. गावात दुसऱ्या कोणत्याही बाईला पाकीट येत नव्हते. आत कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस असे आणि वर्षाचा हिशेब. पहिल्या वर्षी मी ते कडेने जपून फोडले. आत कुठे डिव्हिडंड हा शब्द शोधावा हे यजमानांनी सांगून ठेवले होते. डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला आपला वाटा. शब्द सापडला. 'यंदा डिव्हिडंडाची शिफारस करता येत नाही.'

जाऊबाईंनी विचारले, "काय आलं गं?"

"काही नाही."

"तुझ्या झाडाला नुसती पानंच येत्यात का गं, धाकटे? फळ कधी?"

दुसऱ्या वर्षीही पानेच आली. तिसऱ्या आणि चौथ्याही.

मी यजमानांना विचारू लागले. ते सभेआधी हिशेबाच्या नकला घरी आणीत. एक प्रत ते वाचत आणि दुसरी हातात धरून मी ताडून बघत असे. त्यात मला कंपनीच्या कायद्याचे बरेच कळले. डिव्हिडंड नफ्यातूनच द्यायचा असतो. लोकांनी घातलेल्या मूळ भांडवलातला पैसा काढून नफा म्हणून वाटला तर तो गुन्हा. नफा झाला तरी इंजिनाची झीज आधी बाजूला काढायची, अडीअडचणीसाठी गंगाजळी ठेवायची, मग उरेल त्यातून किती वाटावे हे डायरेक्टर सुचवणार आणि सभा ते मंजूर करणार. सभेने मंजूर केले की ते देणे झाले, तोवर नाही.

"म्हणजे नफा झाला तरी मला मिळेलच असं नाही?"

"नाही."

"आणि वाट पाहिलेल्या वर्षांचं?"

"जाहीरच झाला नाही तर मागचं काही साठत नाही. व्याजही नाही."

झाडाला बहर आला नाही तर तो आला नाही. पण आलेला बहर आधी चार माणसांनी बसून कमी करायचा आणि मग मला द्यायचा, हे मला पटेना. जाऊबाईंच्या झाडाला डायरेक्टर नव्हते.

चौथ्या पाकिटानंतरच्या वैशाखात पायरीला असे आंबे लागले की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. बागवान चाचांनी दोन खेपा केल्या. जाऊबाईंनी मुलीला चांदीचे वाळे केले. मुलगी घरभर छुमछुम करीत फिरू लागली आणि प्रत्येक पावलागणिक ते माझ्या छातीवर पडू लागले. मी तिला वाळे काढून ठेव म्हटले, तर ती रडत काकूकडे गेली.

आषाढाच्या तोंडाला मी सासूबाईंना म्हटले, "आत्याबाई, मला झाड हवं. कागद नको." माझ्या तोंडून एवढे सरळ वाक्य त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितले, मग चुलीपाशी बसलेल्या जाऊबाईंकडे.

मला वाटले होते, भांडण होईल. माझी तयारी झाली होती. काय काय बोलायचे ते मी मनात कितीदा म्हणून ठेवले होते. जाऊबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "घे की गं. त्यात काय? माझा नारळ आन् तुझा नारळ, आज बदलू."

एवढेच. माझी सगळी वाक्ये तशीच राहिली. झाड मिळाले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण जे मला इतकी वर्षे डोळ्यांत खुपत होते ते तिला एका भाकरीएवढेही जड नव्हते, हे बघून मी आतून आणखीच जळले.

मामंजींनी दुसऱ्याच दिवशी पायरीशी नारळ फोडला. मी हळदकुंकू लावले. फळ हिचं, म्हणजे माझे. घरी येऊन मी पेटीतला कागद काढला आणि जाऊबाईंच्या ओटीत घातला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

संध्याकाळी यजमान आले, तेव्हा त्यांना सांगितले. ते जोडे काढता काढता थांबले आणि मामंजींना म्हणाले, "बाबा, असं नाही चालत. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा तर स्टँपाचा कागद करावा लागतो. देणाराची सही, घेणाराची सही किंवा अंगठा, साक्षीदार. मग कंपनी रजिस्टरात नाव बदलते. तोवर कंपनीच्या लेखी शेअर हिचाच."

मामंजी म्हणाले, "पायरी दिली तवा कुणाला विचारलं होतं? तलाठ्याला? नारळ फोडला, चार माणसांनी बघितलं. झालं!"

"झाड आपलं आहे, बाबा. कंपनी आपली नाही."

"माझ्या जागेत हुभी हाय ती!"

यजमानांनी जोडे कोपऱ्यात ठेवले. बापापुढे ते नेहमी गप्प बसत. आणि खरे सांगायचे तर फळ न देणाऱ्या कागदासाठी स्टँपाचा खर्च कोण करणार? ते तसेच राहिले.

पौष संपत आला. आजूबाजूच्या झाडांना मोहर दिसू लागला. मी रोज विहिरीवर जाऊन पायरीकडे मान वर करून बघत असे. पायरीला नुसती कोवळी, तांबूस पालवी फुटली होती. माघ लागला तरी मोहराचे नाव नाही.

सासूबाई म्हणाल्या, "गेल्या साली एवढी वझ्यानं वाकली, ती यंदा कशी धरंल? पायरी एक साल आड धरती. मागायची हुती तर रिकाम्या सालानंतर मागायची हुतीस."

"तुम्ही तेव्हा बोलला नाहीत."

"तू इचारलंस का?"

मी इतकी वर्षे ते झाड डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण रिकामी वर्षे मला दिसलीच नव्हती. मला दिसले ते लगडलेले.

त्याच दिवसांत जाऊबाईंच्या माहेराहून माणूस आला. भावाच्या एकुलत्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते. आत्या म्हणून मुलीला साडी, जावयाला पागोटे आणि भावजयीला चोळी घेऊन जाणे आले. त्या भाचीला जाऊबाईंनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले होते. थोरले दीर शेतीतले, हातात सुटा पैसा न ठेवणारे. आणि जाऊबाईंनी माहेरच्या कामासाठी नवऱ्यापुढे कधी हात पसरला नव्हता. आजवर सगळे आहेर पायरीने केले होते. यंदा पायरी माझी, तीही रिकामी.

जाऊबाई त्या माणसाला म्हणाल्या, "येते सांग." तो गेल्यावर मात्र ओट्यावर बसून बोटांवर आहेर मोजू लागल्या. रिकाम्या हाताने त्या जाणार नव्हत्या. आत्या लग्नाला आली नाही हे लोक विसरतात, आत्या हात हलवीत आली हे विसरत नाहीत, असे त्या सासूबाईंना म्हणाल्या. मी आत तांदूळ निवडत होते. मला वाईट वाटले असे मी इथे लिहू शकते. कोणी वाचणार नाही. पण तसे काही वाटले नाही. मला एवढेच वाटले की तिलाही एकदा कळू दे, मान वर करून बघायचे आणि काही नसायचे ते.

आणि आठ-पंधरा दिवसांनी यजमान कचेरीतून आले ते हसतच. म्हणाले, "यंदा डायरेक्टर डिव्हिडंड सुचवणार आहेत. चांगला."

मी माझ्या यजमानांकडे बघितले आणि जाऊबाईंनी तांदळाच्या डब्याकडे. चार वर्षे तो कागद माझा होता, तेव्हा त्याला एक फूल आले नाही. तिच्या डब्यात गेल्यावर पहिल्याच सालात त्याला फळ.

"वैनी," यजमान जाऊबाईंना म्हणाले, "पण नाव हिचं आहे."

"मग आता बदला की भावजी. उद्या जाऊ."

"आता नाही होणार. सभेच्या आधी रजिस्टर बंद ठेवतात. सभा झाल्यावरच उघडेल. आणि सभेच्या दिवशी ज्याचं नाव, त्यालाच डिव्हिडंड."

जाऊबाईंनी एकदाच विचारले, "म्हंजी धाकटीचा?"

"कायद्यानं."

सासूबाईंनी चुलीत फुंकर घातली. मी काही बोलले असते तर बरे झाले असते, असे त्या सगळ्यांना वाटत होते. मला बोलता येत नाही हे घरात सर्वांना माहीत होते, त्याचा मला त्या वेळी उपयोग झाला.

सभेला मामंजी गेले, कारण त्यांच्या नावावरही शेअर होते. परत आले ते तावातावाने. "मी म्हणालो, साल चांगलं गेलंय, जरा जास्त टाका. खळ्यावर आपण बलुतेदाराला माप दिल्यावर वर एक ओंजळ टाकतो का नाय? तर चेअरमन म्हणतो, सभेला डिव्हिडंड कमी करता येतो, वाढवता येत नाय. डायरेक्टरांनी सांगितलं त्याच्यावर दाणाभर नाय. कमी करायचा हक हाय, वाढवायचा नाय! असला कसला हक, सांग मला." त्यांनी हे पुढे कित्येक महिने येईल त्याला सांगितले.

डिव्हिडंड गिरणीच्या कचेरीत सही करून घ्यायचा होता. यजमान सही घेऊन माझा वाटा आणू शकले असते, पण मॅनेजर म्हणाले, कारकुनाने स्वतःच्या बायकोचे पैसे नेले तर उद्या लोक बोट दाखवतील, बाईंनी यावे. भाताची गाडी गिरणीवर जायचीच होती. मी पोत्यांवर बसले. आणि जाऊबाई तांदळाच्या डब्यातला कागद चोळीत घालून माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"कागद माझ्याकडं, नाव तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "दोघी गेलो तरच एक मालक व्हतोय."

कर्जतला पोचलो तेव्हा पुण्याची गाडी स्टेशनात उभी होती. घाट चढायला तिला मागून इंजिन जोडीत होते. त्या गाडीने जाऊबाईंचे माहेर. त्यांनी ती सुटेपर्यंत बघितली.

कचेरीच्या ओसरीवर पुरुषच पुरुष. कोणी पोत्यांवर, कोणी बाकावर, बिड्या ओढीत. मी पदर इतका ओढला की पायाखालचे दिसेना. जाऊबाई पुढे, मी मागे. आत टेबलामागे मॅनेजर, चष्म्यातून वर बघणारे. कोपऱ्यात यजमान मान खाली घालून लिहीत बसलेले, जणू आम्ही कोण ते त्यांना ठाऊकच नाही.

जाऊबाईंनी कागद टेबलावर ठेवला. "ह्यो माझा. नारळ फोडून घेतलाय."

मॅनेजरांनी तो उलटून बघितला. हळदीच्या डागावर त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी रजिस्टर उघडले. "नाव या दुसऱ्या बाईंचं आहे."

"नाव तिचं, शेअर माझा. इचारा तिला."

सगळी ओसरी दारातून आत बघत होती. मॅनेजर माझ्याकडे वळले आणि मोठ्याने, जरा सावकाश बोलले. "बाई, कंपनी रजिस्टरातल्या नावाला ओळखते. तुम्ही सही केलीत की पैसे तुमच्या हातात. घरात तुमचं काय ठरलं आहे, ते कंपनी विचारत नाही. पुढे तुम्ही ते कोणाला द्या, देऊ नका."

एवढे सोपे होते. कंपनी विचारत नव्हती. विचारणारे फक्त एकच माणूस तिथे होते, आणि मला वाटले, आता ती विचारेल. सगळ्यांसमोर, तिच्या त्या मोठ्या आवाजात. मी तिची वाट बघत होते. तिने मागितले असते तर मी दिले नसते, हे मला पक्के माहीत आहे.

"मग झालं की," जाऊबाई म्हणाल्या. "कर सही. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी सही केली. अक्षर चांगले आले. पैसे रुमालात बांधले आणि रुमाल कमरेला खोचला.

येताना गाडीत कोंड्याची पोती होती. कोंडा उडून नाकात जात होता. उल्हास नदीचे पाणी ओलांडून चढ लागला, तेव्हा जाऊबाई बोलू लागल्या. पैशांचे नाही. भाचीचे. लहानपणी ती भाची झोपताना आत्याचे बोट तोंडात घालून झोपे. आत्या सासरी निघाली तेव्हा मागे धावत आली आणि शेणात पडली. तिला तसेच, शेणासकट उचलून घेतले तर लग्नाची साडी भरली. सांगता सांगता त्या हसत होत्या. गाडीवान आमचा म्हातारा गडी, तोही हसला. मी हसले नाही. रुमाल माझ्या कमरेला बोचत होता.

मला कळले, ही मागणार नाही. आजही नाही, वैशाखातही नाही. ही लग्नाला जाणार नाही आणि कोणी विचारले तर सांगेल, तब्येत बरी नव्हती. आणि पायरीखालून जाताना, आणि माझ्या मुलीला जवळ घेताना, हिने मला एका शब्दाने झाड दिले होते आणि मी हिला तिचे फळ दिले नाही, हे माझ्याबरोबर राहील. हिला त्याचे काही वाटणारही नाही. मलाच वाटेल. मी आधीच हिच्यापुढे इतकी लहान होते. आणखी लहान होणे मला सोसणारे नव्हते.

मी रुमाल सोडला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

मला वाटले होते, ती काहीतरी म्हणेल. तिने रुमाल उचलला, चोळीत कागदाशेजारी खोचला आणि म्हणाली, "आन् घरी आल्यावर मग भाची काय म्हणाली माहितीये का?" आणि गोष्ट पुढे चालू केली. जसे काही मी पाण्याचा तांब्या पुढे केला होता.

जाऊबाई वैशाखात पुण्याच्या गाडीने गेल्या. साडी, पागोटे, चोळी, सगळे घेऊन. आठ दिवसांनी आल्या, गळा बसलेला, पायाला फोड आलेले, आणि मुलीला मांडीवर घेऊन सगळे लग्न पुन्हा लावून दाखवले. मुलगी काकूच्या अंगावर लोळत होती. मला त्यांनी एक खण दिला. जांभळा, काठाला पिवळी रेघ. "तुझ्या रंगाला शोभंल म्हणून घेतला." तो मी शिवला नाही. पेटीत आहे. तो मला शोभेल, हीच त्याची अडचण आहे.

त्यानंतर यजमानांनी स्टँपाचा कागद केला. मी सही केली, जाऊबाईंनी अंगठा उठवला, साक्षीदार झाला, रजिस्टरात नाव बदलले. आता पाकीट त्यांच्या नावाने येते. गावात पाकीट येणारी बाई ती झाली.

पुढच्या साली पायरी पुन्हा लगडली. माझी पायरी. बागवान चाचा आले, झाडाखाली उभे राहिले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "मोठी भाभी कुठं हाय? भाव कुणाशी बोलू?" मी ओट्यावर होते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. जाऊबाई आल्या आणि भाव ठरवून दिला. पैसे त्यांनी माझ्याच हातात दिले, एक आणाही इकडचा तिकडे नाही. विहिरीवरच्या बायका अजून त्याला थोरलीचे झाड म्हणतात.

आंबे उतरत होते त्याच दिवशी जाऊबाई पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. कित्येक दिवस ते तांदळाच्या डब्यात पडले होते. "वाच गं धाकटे, काय म्हणत्यात तुझे डायरेक्टर."

मी वाचले. भाताचे भाव पडले होते, इंजिन दुरुस्त करावे लागले होते, नफा झाला नव्हता. नफा नाही, म्हणून डिव्हिडंड नाही. मी सगळे मोठ्याने वाचले, शब्द न शब्द, आणि तिच्या तोंडाकडे बघितले. निदान या वेळी तरी.

"बरं झालं गं," ती म्हणाली, "लगीन गेल्या साली होतं." आणि पाडव्याला हसली होती तशीच हसली, आणि खाली पडलेला एक आंबा उचलून, पदराला पुसून, माझ्या मुलीला हाक मारली. आंबा माझा होता. मुलगी तिच्याकडे धावली.